अठराव्या दिवशी काढलेला फ्यूज

“बाई, तेवढं कपाट उघडता का? पण हात लावू नका हं… कडीला चमचा बांधलाय, त्याने ओढा.”

पावसाची सर चुकवायला ती त्या शेडच्या पत्र्याखाली येऊन उभी राहिली, त्याला मिनिटभरसुद्धा झालं नव्हतं. मागे वळून पाहते तर अंगणातून एक उंच माणूस येतोय. दोन्ही हातांत काठोकाठ पाण्याने भरलेली परात, ओले केस कपाळाला चिकटलेले, पायांत रबरी चपला, आणि चेहरा असा की कपाटं चमच्यानेच उघडायची असतात, त्यात विचारायचं काय. समोर भिंतीला लागून लोखंडी पत्र्याचं एक जुनं कपाट होतं. त्याच्या दारात काचेची लहानशी खिडकी बसवलेली होती आणि कडीला सुतळीने बांधलेला लांब दांड्याचा लाकडी चमचा लोंबत होता.

दुसरी कोणी असती तर हसली असती, किंवा चमच्याने कपाट उघडून मोकळी झाली असती. ही त्यातली नव्हती. वीज कंपनीच्या तपासणी विभागात तिची सात वर्षं गेली होती. कुणाच्या घरात शिरलं की ती आधी वायरी बघतच नसे, माणसं बघायची. फ्रीज उघडण्याआधी चपला शोधणारी बाई, बटन दाबताना तोंड फिरवणारे आजोबा, पंखा लावायला कोपऱ्यात मुद्दाम ठेवलेली काठी… घरात करंट कुठे उतरलाय ते घरातल्यांच्या सवयीच सांगतात. धोका दिसला की ती जागच्या जागी वीज तोडायची आणि मग कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. म्हणून ऑफिसात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत, अगदी तोंडावर. तिची त्याला काही हरकत नव्हती. खरं तर ती आज शेजारच्या सुतारखान्याच्या तपासणीला आली होती. या शेडचं नाव तिच्या यादीत नव्हतंच.

“ती परात खाली ठेवा,” ती म्हणाली.

“अहो, आत ठेवायचीय ती. आत ओल लागते.”

“तिथेच ठेवा. आणि पुढे येऊ नका.”

का कोण जाणे, त्याने ऐकलं. परात जमिनीवर ठेवून तो शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा उभा राहिला. तिने पिशवीतून टेस्टर काढला आणि कपाटाच्या दाराला टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. बाजूच्या पत्र्याला टेकवला, तिथेही तेच.

“शॉक बसतो ना याचा?”

“शॉक कसला… थोड्या मुंग्या येतात. आत्या तर म्हणते, बोटं मोकळी होतात त्याने.”

तो हे गमतीने म्हणत नव्हता, ही खरी पंचाईत होती. ती कपाटाभोवती फिरली. वायरीच्या टोकांना पिन नव्हतीच. नुसती सोललेली टोकं सॉकेटच्या भोकांत खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी पक्की केली होती. मधले जोड पिळून त्यांवर जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली. बिजागरीत एक वायर चेपून चेपून तिचं तांबं उघडं पडलं होतं, तिथूनच सगळ्या कपाटात वीज उतरली होती. भिंतीवरच्या फ्यूजमध्ये बारीक तार असते, ती वेळ आली की स्वतः जळून माणसाला वाचवते. इथे त्या जागी चांगली जाडजूड तार घातली होती; कपाट जळलं असतं पण ती जळली नसती. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं होतं तो लाकडी पाट पावसाच्या पाण्याने काळाकुट्ट भिजला होता.

आत काय आहे, तिने विचारलं.

“अंडी,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. “दोनशे दहा. आज अठरावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं निघतात.”

अंडी उबवायचं हे यंत्र त्याने स्वतः बनवलं होतं आणि ते दाखवण्याची हौस त्याला आवरेना. सहा बल्बांची ऊब. ऊब जास्त झाली की बल्ब आपोआप विझले पाहिजेत, म्हणून त्याने जुन्या इस्त्रीतली एक पट्टी काढून कपडे वाळत घालायच्या चिमट्यावर बसवली होती. तापली की ती पट्टी वाकायची आणि तार सुटायची. गार झाली की पुन्हा चिकटायची. ती वाकून बघत राहिली. सात वर्षांत तिने नाना तऱ्हेची घरगुती बटनं पाहिली होती, पण इतकं डोकं लावून केलेलं नाही.

“डोकं चांगलं आहे तुमचं,” ती म्हणाली.

“तरी लोक मला कोंबडीशेठ म्हणतात,” तो म्हणाला. “कोंबडी अजून एकही नाही.”

तिला हसू आलं. तिने ते तोंडातच दाबलं.

“आणि मी काळजी घेतो बरं का. बल्ब विझले, वीज गेली, की मगच आत हात घालतो.”

ते ऐकून तिचं हसू जागच्या जागी मेलं. तिने काचेची खिडकी सरकवली आणि लाकडी फुटपट्टीने चिमटा उघडून धरला. सहाच्या सहा बल्ब विझले. मग तिने टेस्टर आतल्या एका होल्डरला टेकवला. टेस्टर पेटला. दुसऱ्याला टेकवला, पेटला. तिसऱ्यालाही.

“वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते,” ती सावकाश म्हणाली. “तुम्ही बटन परत जाणाऱ्या तारेवर बसवलंय. दिवा विझतो, पण येणारी वीज आत येऊन तशीच बसलेली असते, वाट बघत. तुम्ही कितीदा हात घालता आत?”

“अंडी फिरवायला… दिवसातून तीनदा.” त्याचा आवाज खाली गेला होता. “दोन्ही वायरी एकाच रंगाच्या मिळाल्या. मला वाटलं, दिवा विझतोय ना, मग झालं.”

तीनदा, सतरा दिवस. या चपलांनी आणि त्या कोरड्या पाटाने हा माणूस इतके दिवस वाचला होता. आज पाट ओला होता, हातात पाण्याची परात होती, आणि सर आली नसती तर ती सुतारखान्यात करवतींच्या वायरी तपासत असती. असे हिशेब ती रोज करायची आणि विसरायची. आज मात्र तो हिशेब डोक्यातून जाईना, आणि त्याचा तिला रागच आला.

तो भिंतीला टेकला होता. त्याला घाम फुटला होता. पण तो म्हणाला ते वेगळंच.

“दुपारची पाळी आत्याची असते,” तो म्हणाला. “मी तिला सांगितलं होतं, घाल बिनधास्त हात.”

स्वतःचं सोडून माणूस आधी दुसऱ्याचं बोलला, एवढंच झालं होतं. पण तिला तो आवडला तो त्या क्षणी, आणि ते तिला तिथल्या तिथे कळलंसुद्धा. कळलं म्हणून काय, कर्तव्य कोणाला चुकतंय. तिने भिंतीवरचा फ्यूज काढला आणि सरळ आपल्या रेनकोटच्या खिशात टाकला.

“अहो… असं नका करू. तीन दिवस. फक्त तीन दिवस द्या. मी हातच लावत नाही कपाटाला, वाटलं तर कुलूप लावतो.”

“नाही.”

“आज बंद केलं तर सगळी मरतील हो आत.”

“कळतंय मला.”

“मग?”

“मग काही नाही,” ती म्हणाली. “वीज मिळणार नाही.”

बोलणं ऐकून घरातून आत्या आली. ठेंगणी, तुरतुरी, केस पांढरे, डोळे मात्र तरण्या पोरीचे. तिने भाच्याचा चेहरा पाहिला, हिचा रेनकोट पाहिला आणि काय झालं ते विचारलंच नाही. आत जाऊन दोन गोधड्या घेऊन आली आणि कपाटावर टाकल्या. कपाट गार पडायला वेळ लागेल, ती म्हणाली, अंड्यातल्या जिवाला आता स्वतःचीही थोडी ऊब असते, तू रडत बसू नकोस, बाटल्या शोध. मग गरम पाण्याच्या बाटल्या भरून कपाटात खालच्या कप्प्यात ठेवायच्या आणि दर अर्ध्या तासाने बदलायच्या असं ठरलं. साडेअकरा वाजले होते.

इथून कात्रीने नोटीस लिहून चालू पडायला हवं होतं. तपासणाऱ्याने दुरुस्ती करायची नाही, हा तिच्या खात्याचा पक्का नियम. आणि नियम पाळणाऱ्यांत तिचा पहिला नंबर. तिने नोटीस लिहिली. त्याची सही घेतली. पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं… आणि बाजूला जाऊन साहेबांना फोन केला, की मला आज अर्धी रजा हवी. साहेबांना वाटलं तब्येत बरी नाही. तिने खरं ते सांगितलं: एक वायरिंग पुन्हा करायचंय, रजेवर आहे म्हणून माझ्या हाताने करीन, पण मग ते मी पास करणार नाही, तुम्ही येऊन तपासा. मग साहेबांनी पाच वाजता येतो म्हणून सांगितलं आणि पत्ता लिहून घेतला.

तिने त्याला सामानाची यादी दिली. तीन तारांची वायर, पिन, होल्डर, योग्य फ्यूज, आणि ऊब मोजून चालू-बंद होणारं तयार बटन, बंद डबीतलं. तसलं बाजारात मिळतं हे त्याला माहीतच नव्हतं. तो सायकल घेऊन पावसातच निघाला आणि ती जुन्या वायरी तोडायला बसली.

आत्या बाटल्या बदलता बदलता बोलत होती. त्याचं हे असं, तिने सांगितलं. लहानपणापासून माझ्याकडेच वाढला. कापडाच्या दुकानातली चांगली नोकरी होती, ती सोडली या अंड्यांपायी. पहिली खेप वीज गेल्याने गेली. दुसरीतली अकरा पिल्लं निघाली आणि आठवड्यात मेली. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या गावी गोदाम सांभाळतो. त्याने सांगून ठेवलंय, ही तिसरी खेप गेली तर मुकाट्याने माझ्याकडे यायचं, हिशेबाच्या टेबलावर बसायचं. यानेही शब्द दिलाय. शब्दाचा पक्का आहे मेला.

“म्हणजे पिल्लं आली नाहीत तर ते जाणार?” कात्रीने विचारलं. तिने अगदी सहज विचारलं असं तिला वाटलं.

“बाविसाव्या दिवशी गाडी घेऊन येतोय भाऊ,” आत्या म्हणाली, आणि तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तो आला तेव्हा नखशिखांत भिजला होता, पण सामान स्वतःच्या रेनकोटमध्ये गुंडाळून कोरडं आणलं होतं. मग दुपारभर दोघं शेजारी शेजारी बसून काम करत होते. ती वायर सोलायची, तो धरायचा. ती सांगायची, तो करायचा, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचा नाही.

“ही हिरवी कशाला?” त्याने मध्येच विचारलं. “दोन तारांत काम भागतं की.”

“दोन तारांत दिवा लागतो. तिसरी माणसासाठी असते. पत्र्यात वीज उतरलीच तर ती तुमच्यातून न जाता हिच्यातून जमिनीत जाते.”

त्याने ती हिरवी तार बोटावरून हळूच ओढून पाहिली.

“तुम्हाला लोक घाबरत असतील ना?”

“घाबरतात.”

“घरचेसुद्धा?”

“घरी फक्त आई आहे. ती नाही घाबरत.”

“अच्छा… फक्त आई.” तो वायरीकडे बघत म्हणाला. “म्हणजे आणखी कोणी घाबरणारं नाही.”

“वायर सरळ धरा.”

“सरळच धरलीय.”

खरंच सरळ होती. वाकडं तिचं लक्ष झालं होतं. त्याच्या मनगटावर पावसाचा एक थेंब होता, तो घरंगळेल, आता घरंगळेल म्हणून ती त्याकडे बघत बसली होती, आणि हे त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्याने तो पुसला नाही. अर्ध्या तासाने आत्या बाटल्या बदलायला आली, मुद्दाम खाकरून आली. दर वेळी कपाटातला थर्मामीटर थोडा थोडा खाली उतरत होता. दर वेळी तो पाहायचा आणि पुन्हा वायर धरायला बसायचा. तिला एकदाही त्याने बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

बरोबर पाच वाजता साहेब आले. जाडजूड, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले, कोणाची भीडभाड न ठेवणारे. हात पुढे बांधून ती बाजूला उभी राहिली. आजवर लोक तिच्यासमोर असे उभे राहायचे. साहेबांनी पिन पाहिली, जोड पाहिले, फ्यूज पाहिला, मीटर लावून पत्रा तपासला. मान हलवली. मग दार उघडलं आणि मीटर दाराला लावलं.

“पत्र्याला अर्थिंग आहे,” ते म्हणाले. “दाराला कुठाय?”

रंगवलेल्या बिजागरीतून अर्थिंग दारापर्यंत नीट पोचत नाही. दाराला वेगळी तार जोडावीच लागते. आणि माणूस हात लावतो तो नेमका दाराला.

“बिजागरीवर भरवसा ठेवायचा नाही, हे आपल्या खात्यात नव्या लोकांना कोण शिकवतं?” साहेबांनी विचारलं.

“मी.”

“मग आज काय झालं?”

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “लक्ष नव्हतं,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग बॅटरी धरून उभ्या असलेल्या त्या भिजलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याने बॅटरी उगाचच दुसऱ्या हातात घेतली.

“दिसतंय,” साहेब म्हणाले. “दहा मिनिटं देतो.”

कान लाल, मान खाली, अशी ती खाली बसली आणि हिरव्या तारेचा एक तुकडा दाराला जोडून दिला. साडेपाचला साहेबांनी नवा फ्यूज आपल्या हाताने बसवला. सहा बल्ब लागले. तिने कपाटाला टेस्टर टेकवला, तो विझलेलाच राहिला. सहा तास झाले होते. आतली अंडी जिवंत होती की मेली, हे आता तीन दिवसांनी कळणार होतं.

फाटकापर्यंत तो सोडायला आला. एकविसाव्या दिवशी याल ना, त्याने विचारलं. बघते, ती म्हणाली. साहेब गाडीत बसून पुढच्या काचेतून आभाळ बघत होते, फार लक्ष देऊन.

त्यानंतरचे तीन दिवस तिने पाच इमारती आणि एक छापखाना तपासला. आईने दोनदा विचारलं की जेवणात मीठ कमी आहे का, आणि दोन्ही वेळा तिला जेवून झालंय हेही आठवत नव्हतं. नोटिशीवर ऑफिसचा नंबर होता. एकविसाव्या दिवशी फोन वाजला की ती मान वर करायची. संध्याकाळ झाली तरी त्याचा फोन आला नाही. पिल्लं निघाली असती तर या माणसाने सगळ्या गावाला फोन केले असते. म्हणजे निघाली नाहीत. तिला सारखं वाटत होतं की जावं, आणि जाऊन काय तोंड दाखवायचं तेही कळत नव्हतं. फ्यूज तिनेच काढला होता.

बाविसाव्या दिवशी सकाळी दहाला ती गेली. तोंड दाखवायचं तर आजच, नाहीतर दाखवायला समोर कोणी उरणार नव्हतं. फाटकाशी एक टेम्पो उभा होता. त्यात एक बॅग आणि वळकटी चढवलेली होती, आणि टेम्पोशेजारी कोंबडीशेठसारखाच उंच, पण पोट सुटलेला माणूस घड्याळ बघत होता. थोरला भाऊ, हे सांगायला नको. आत्या शेडच्या पायरीवर बसली होती. तिने कात्रीला पाहून शेजारी जागा केली.

तो कपाटासमोर उभा होता. काचेच्या खिडकीतून पिवळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. आत सगळी अंडी जशीच्या तशी होती, शांत, ओळीने.

“एकही नाही?” तिने विचारलं.

“एकही नाही.” तो वळला. दोन दिवस झोपला नव्हता, ते दिसत होतं. “फोन करणार होतो. पण तुम्हाला वाटलं असतं मी तुम्हाला बोल लावतोय.”

“लावा की. मीच बंद केलं.”

“तुम्हीच का त्या?” भाऊ जवळ आला. तो तसा वाईट माणूस नव्हता. फक्त उशीर होत होता त्याला. “दोन-तीन दिवसांनी काय बिघडलं असतं हो? एवढे दिवस काही झालं नव्हतं. याची सगळी मेहनत पाण्यात गेली.”

तिच्याकडे उत्तर होतं. खात्याच्या पुस्तकात छापलेलं, हजार वेळा लोकांना ऐकवलेलं. ती ते सांगायला लागलीसुद्धा, पण तोंडातून आलं ते दुसरंच, आणि ती भावाकडे बघून बोलत नव्हती.

“पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा फ्यूज काढीन,” ती म्हणाली. “शेवटच्या दिवशीसुद्धा काढीन. अंडी पुन्हा आणता येतात.” तिने कपाटाकडे केलेलं बोट त्याच्याकडे वळवलं. “तुम्हाला कुठून आणलं असतं मी?”

पायरीवर बसलेल्या आत्याने पदर तोंडाला लावला. कात्रीला स्वतःला मात्र आता पळून जावंसं वाटत होतं. एवढं उघड ती आयुष्यात कधी बोलली नव्हती, तेही दोन भेटींत, तेही त्याच्या भावासमोर.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग भावाकडे वळला.

“दादा, बॅग उतरव.”

“अरे, शब्द दिलायस तू मला.”

“दिलाय. तो मोडतोय. आजवर मोडला नाही म्हणून आज मागतो, एवढा एक मोडू दे. माफी मागायला मी स्वतः येईन तुझ्याकडे. पण राहायला येणार नाही.”

“आणि करणार काय इथे? पिल्लं तर मेली.”

“चौथ्यांदा अंडी लावीन. नाही जमलं तर पुन्हा कापड मोजीन. पण इथेच.” मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “चौथ्या खेपेला… म्हणजे पिल्लं येवोत न येवोत… तू असशील का इथे?”

“असेन,” ती म्हणाली. एवढं सोपं होतं ते. तिला उगाचच वाटलं होतं अवघड असेल.

भावाने मोठा सुस्कारा सोडला. टेम्पोतली वळकटी उतरवून त्याने पायरीवर आणून आदळली आणि आत्याला म्हणाला, आता आलोच आहे तर जेवूनच जातो. आत्या उठली. उठताना तिने सवयीने कपाटाच्या काचेला कान लावला. तीन दिवस ती येता-जाता तेच करत होती. यावेळी ती कान काढीना.

“गप्प बसा सगळे,” ती म्हणाली.

सगळे गप्प बसले. आधी फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. मग आतून बारीक, अगदी बारीक टकटक… थांबली… पुन्हा आली. आणि एक कोवळी, रागावलेली चिवचिव, बंद कवचातून येते तशी दबलेली.

“सहा तास गार पडली होती,” तो कुजबुजला. “त्यांना उशीर झालाय. फक्त उशीर झालाय.”

भाऊ दार उघडायला धावला तर त्याने त्याचा हात धरला. आता उघडायचं नाही. आतली ओल गेली तर कवच वाळून पिल्लू आतच अडकतं. म्हणून चौघंही त्या एवढ्याशा काचेसमोर दाटीवाटीने उभे राहिले. जागा नव्हती, हे खरंच. पण तिचा हात त्याच्या हातात गेला तो काही जागेअभावी नव्हे. त्याचा तळवा गरम होता. तिचाही.

एका अंड्यावर तडा उमटला. मग दुसऱ्यावर. पुढचा दीड तास कोणी जेवणाचं नाव काढलं नाही. पहिलं पिल्लू कवच ढकलून बाहेर आलं, ओलं, केविलवाणं, उभं राहायला बघणारं. ते त्याने पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि आत्याला त्याला कोपराने ढोसून सांगावं लागलं की, आलं रे.